दुर्मिळ कर्करोगात योग्य उपचारापर्यंत कसे पोहोचावे : ‘जिस्ट’च्या अनुभवातून

‘गाठ दुर्मिळ आहे’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा घरच्यांना त्यातली भीती आधी ऐकू येते. त्या शब्दाला एक व्यवहारी अर्थही आहे आणि पुढची सगळी धडपड त्याच्यावर उभी राहते : समोर बसलेल्या डॉक्टरांनी ही गाठ आजवर फारशी पाहिलेली नसण्याची शक्यता मोठी आहे. जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत वाढणारी गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, म्हणजे ‘जिस्ट’, ही अशीच गाठ. परदेशांतील नोंदींनुसार ती दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण 10 ते 15 जणांना होते. हाच हिशेब 2011च्या जनगणनेत तीस लाख लोकसंख्या असलेल्या सातारा जिल्ह्याला लावला, तर वर्षाला तीस-पंचेचाळीस रुग्ण होतील, आणि तेही वेगवेगळ्या दवाखान्यांत विखुरलेले असतील. शहरातला अनुभवी सर्जनही वर्षाकाठी एखादाच असा रुग्ण पाहत असेल, तर त्यात त्यांचा काही दोष नाही. मात्र निदान आणि उपचारांची दिशा अशा एकाच ठिकाणी ठरू देणे रुग्णाच्या हिताचे नसते.

युरोपातील व्याख्येप्रमाणे वर्षाला एक लाखामागे सहापेक्षा कमी जणांना होणारा कर्करोग दुर्मिळ मानला जातो, आणि असे सगळे दुर्मिळ कर्करोग एकत्र मोजले तर ते एकूण कर्करोगांच्या एक पंचमांशाहून अधिक भरतात. म्हणून पुढे जे लिहिले आहे ते आईच्या जिस्टच्या अनुभवातून आलेले असले, तरी सार्कोमा, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर किंवा अशाच एखाद्या अनोळखी नावाचा कागद ज्यांच्या हाती आला आहे, त्यांनाही त्यातले बरेचसे लागू पडावे. औषधांची नावे बदलतील. वाट बहुतांशी हीच राहील.

आधी निदान पक्के करावे

आईला दोन-तीन महिने थकवा होता आणि हिमोग्लोबिन सहावर आले होते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो हे आम्हांला कुणीतरी सांगितले होते, त्यामुळे काळ्या शौचाकडे आम्ही लक्ष दिले नाही. ते जठरातून झिरपणारे रक्त होते. पुढे सोनोग्राफी, सी.टी. स्कॅन, जठरात नऊ सेंटिमीटरची गाठ आणि बायॉप्सी असे सगळे एका आठवड्यात झाले. बायॉप्सीच्या अहवालावर लिहिले होते, ‘स्पिंडल सेल ट्यूमर, बहुधा लिओमायोसार्कोमा’, म्हणजे स्नायूंचा एक कर्करोग. त्या आधारावर केमोथेरपीची तारीखही मिळाली. दरम्यान ओळखीच्या एका तरुण डॉक्टरांनी अहवाल वाचून एवढेच विचारले, की सी.डी. 117 केले आहे का? गाठीच्या पेशींवरचे एक विशिष्ट प्रथिन ओळखणारी ही तपासणी केलेली नव्हती. त्याच तुकड्यावर ती तपासणी करून घेतली, बारा दिवसांनी सी.डी. 117 आणि तशीच दुसरी खूण डॉग-1 हे दोन्ही पॉझिटिव्ह आले, म्हणजे गाठ जिस्ट निघाली, आणि केमोथेरपी रद्द झाली.

या एका तपासणीने एवढा फरक पडतो, याचे कारण आजाराच्या स्वभावात आहे. 1998 साली जपानमध्ये सेइइची हिरोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाठींमध्ये ‘किट’ नावाच्या जनुकात बदल झालेला असतो हे दाखवले. त्याआधी यांतल्या बऱ्याच गाठी स्नायूंच्या गाठी म्हणून नोंदल्या जात असत. नेहमीची केमोथेरपी आणि रेडिएशन यांचा जिस्टवर फारसा परिणाम होत नाही, तर इमॅटिनिब ही रोज तोंडाने घ्यायची गोळी बहुसंख्य रुग्णांत गाठीला रोखते. नाव चुकले, तर रुग्ण निरुपयोगी औषधाचा सगळा त्रास सोसतो आणि उपयोगी औषधापासून वंचित राहतो.

म्हणून पॅथॉलॉजीचा अहवाल हाती आला, की तो डॉक्टरांकडे सोपवून मोकळे होऊ नये. समोर बसून वाचून घ्यावा. जिस्टच्या बाबतीत त्यात सी.डी. 117 व डॉग-1 यांचे निकाल, गाठीची जागा, तिचा आकार आणि दर 5 चौरस मिलिमीटरमध्ये किती पेशी विभाजित होत आहेत ही संख्या असायला हवी. शस्त्रक्रिया झाली असेल, तर गाठ फुटली होती का आणि काढलेल्या भागाच्या कडा गाठीच्या पेशींपासून मोकळ्या आहेत का, हेही लिहिलेले असावे. गाठ परत येण्याचा धोका याच बाबींवरून ठरवतात. बायॉप्सीच्या लहानशा तुकड्यात विभाजनाची मोजणी नेहमीच शक्य होत नाही. तसे असेल तर तसे लिहून मागावे.

त्यानंतरची पायरी म्यूटेशनच्या, म्हणजे जनुकात नेमका कोणता बदल झाला आहे याच्या तपासणीची, आणि खर्चाच्या विचाराने किंवा ‘गोळी तर एकच आहे’ असे म्हणून नेमकी हीच पायरी गाळली जाते. मला हे सर्वांत घातक वाटते. किट जनुकाच्या एक्झॉन 11 या भागात बदल असेल, तर इमॅटिनिबच्या 400 मिलिग्रॅमच्या रोजच्या मात्रेला उत्तम प्रतिसाद मिळतो. बदल एक्झॉन 9 मध्ये असेल आणि आजार पसरलेला असेल, तर 800 मिलिग्रॅमचा विचार केला जातो. पी.डी.जी.एफ.आर.ए. या दुसऱ्या जनुकातील डी 842 व्ही हा बदल असेल, तर इमॅटिनिब जवळजवळ काम करत नाही. तरुण वयात जठरात होणाऱ्या काही गाठींमध्ये एस.डी.एच. या प्रथिनाचा अभाव असतो. त्या आनुवंशिक असू शकतात, म्हणून तिथे घरातल्या इतरांसाठीही जनुकीय सल्ला घ्यावा लागतो. हे ठाऊक नसताना गोळी सुरू करणे म्हणजे गावाचे नाव न विचारता एस.टी.त बसण्यासारखे आहे.

ब्लॉक मागून घ्यावा

बायॉप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. आईचा ब्लॉक मी पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा तो एवढासा असेल असे वाटले नव्हते : बोटाच्या दोन पेरांएवढी प्लॅस्टिकची जाळीदार डबी, तिच्या तिरप्या कडेवर पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक, आणि पांढरट मेणात तूरडाळीच्या दाण्याहून लहान असे तीन-चार करडे ठिपके. पुढची प्रत्येक तपासणी, मग ती सी.डी. 117 असो, म्यूटेशन असो वा मोठ्या रुग्णालयातील फेरतपासणी असो, त्या ठिपक्यांवरच होते. काचेच्या स्लाइड पुन्हा बनवता येतात. ब्लॉक हरवला, तर रुग्णाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते.

ब्लॉक आणि स्लाइड मिळवण्यासाठी प्रयोगशाळेला लेखी अर्ज द्यावा, त्यावर रुग्णाची सही, बायॉप्सीचा क्रमांक आणि ‘पुढील तपासणीसाठी’ हे कारण असावे, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. आम्हांला एका ठिकाणी ‘ब्लॉक देण्याची पद्धत नाही’ असे तोंडी सांगण्यात आले. लेखी अर्ज दिल्यावर चौथ्या दिवशी तो मिळाला. कागदपत्रांच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे : डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी 72 तासांच्या आत द्याव्या लागतात. भांडण न करता या नियमाचा उल्लेख अर्जात केला, तरी पुष्कळदा काम होते.

ब्लॉक नेताना स्वच्छ कापसात गुंडाळून लहान कडक डबीत ठेवावा आणि उन्हात तापलेल्या गाडीत सोडून जाऊ नये. मेण उन्हाने मऊ पडते. बर्फाची गरज नसते. सगळा तुकडा एकाच तपासणीत संपू नये म्हणून ‘उरलेला ब्लॉक परत हवा आहे’ हे प्रत्येक ठिकाणी आधीच लिहून द्यावे. स्कॅनच्या फिल्मबरोबर सी.डी.सुद्धा मागावी, कारण जुन्या आणि नव्या स्कॅनची तुलना सी.डी.वरच नीट होते.

निर्णय एका ठिकाणी, गोळी दुसऱ्या ठिकाणी

मुंबईला जायचे म्हटले, की घरात पहिला प्रश्न येतो तो राहायचे कुठे आणि किती दिवस. इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जिस्टसारख्या आजारात तज्ज्ञ केंद्राची खरी गरज ठरावीक टप्प्यांवर असते : निदान पक्के करताना, शस्त्रक्रिया आधी की गोळी आधी हे ठरवताना, प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या वेळी, आणि औषधाचा परिणाम थांबला अशी शंका आली तर. अधल्यामधल्या रक्ततपासण्या, गोळीचे लहानसहान त्रास आणि प्रकृतीची देखरेख हे सर्व गावाजवळचे फिजिशियन किंवा जिल्ह्यातील कर्करोगतज्ज्ञ उत्तम रीतीने करू शकतात. दोघांची सांगड घालणे हे मात्र घरच्यांचे काम आहे, कारण आपल्याकडे ते दुसरे कुणी करत नाही.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली सुरू झाले. खारघरला त्याचेच ॲक्ट्रेक हे केंद्र आहे. 2012 पासून उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातील तीनशेहून अधिक रुग्णालये व संस्था आहेत, तेव्हा आपल्या जवळचे कोणते रुग्णालय त्यात आहे हे पाहावे आणि तिथल्या डॉक्टरांना सरळ विचारावे, की ही केस ट्यूमर बोर्डापुढे ठेवता येईल का. ट्यूमर बोर्ड म्हणजे सर्जन, औषधोपचार करणारे कर्करोगतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिऑलॉजिस्ट यांनी एकत्र बसून घेतलेला निर्णय. दुर्मिळ आजारात एकट्या डॉक्टरांच्या मतापेक्षा मी या निर्णयाला जास्त वजन देईन. प्रवास झेपत नसेल, तर टाटा मेमोरियल आणि ग्रिडशी जोडलेल्या ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून कागदपत्रे पाठवून तज्ज्ञांचे लेखी मत घेता येते.

दुसरे मत घेतले तर पहिले डॉक्टर रागावतील, ही भीती अनेक घरांत असते. ‘आजार दुर्मिळ आहे म्हणून एकदा मोठ्या केंद्रात दाखवून येतो, पुढचे उपचार तुमच्याकडेच घ्यायचे आहेत’ असे आम्ही आधीच सांगितले. त्यांनी स्वतःहून संदर्भपत्र लिहून दिले, आणि आजही आईच्या रक्ततपासण्या त्यांच्याकडेच होतात.

तज्ज्ञांसमोर मिळणारी वेळ थोडी असते. म्हणून एका पानावर तारीखवार इतिहास लिहून न्यावा, आणि प्रश्न मोजके ठेवावेत. शस्त्रक्रिया लगेच करायची, की गोळीने गाठ लहान करून मग? जिस्टमध्ये हा प्रश्न कळीचा आहे, कारण गाठ काढताना ती फुटली तर पेशी पोटात पसरून धोका बराच वाढतो, आणि मोठ्या किंवा अडचणीच्या जागेवरील गाठीला आधी काही महिने इमॅटिनिब दिले, तर कमी अवयव काढून भागते. गुदाशयातील गाठीत तर यामुळे शौचासाठी पोटावर लावावी लागणारी कायमची पिशवी टळू शकते. आईला सात महिने गोळी देऊन मग शस्त्रक्रिया झाली. पहिल्या सर्जनांनी संपूर्ण जठर काढावे लागेल असे सांगितले होते. शेवटी गाठीसह जठराचा थोडाच भाग काढावा लागला, आणि आज ती बसल्या बैठकीला एक भाकरी खाते. जठराच्या नेहमीच्या कर्करोगात आसपासच्या लसीकाग्रंथी काढतात, तसे जिस्टमध्ये सहसा करावे लागत नाही; तेव्हा शस्त्रक्रियेचा बेत नेमका काय आहे, हेही विचारून घ्यावे.

परळला राहण्यासाठी नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आणि दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा ही दोन ठिकाणे रुग्णांच्या नातेवाइकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. जागा मिळेलच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे चौकशी करावी. रेल्वेत उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण, तर सोबतच्या व्यक्तीला 75 टक्के सवलत आहे. त्यासाठीचा ठरावीक नमुना रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो.

पैशांची तजवीज

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रतिकुटुंब वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ‘कर्करोग योजनेत बसतो का?’ असे मोघम विचारू नये. रुग्णालयातील आरोग्यमित्राला आजाराचे आणि औषधाचे नाव लिहून द्यावे आणि त्या पॅकेजबद्दल विचारावे. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा, कारण दाखल झाल्यावर धावपळीत तो निघत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज खर्चाच्या अंदाजपत्रकासह करायचा असतो. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाच्या मदतीबद्दल अनेकजण विचारतात, पण त्या धोरणाचा रोख मुख्यतः आनुवंशिक आजारांकडे आहे. तिथे आशा गुंतवून वेळ घालवू नये.

इमॅटिनिब आज सामान्य घराला परवडते, यामागे एक मोठी लढाई आहे. मूळ कंपनीच्या गोळीला महिन्याला एक लाखाहून अधिक रुपये लागत असत, तेव्हा भारतीय कंपन्यांची तीच गोळी दहा हजारांच्या आत मिळत होती. कर्करोग रुग्णांच्या संघटनेसह अनेकांनी पेटंटला हरकत घेतली, आणि 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारल्याचा निर्णय कायम केला. आता हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. जनऔषधी आणि ‘अमृत’ दुकानांतील दर विचारून मगच खरेदी करावी; मात्र एकदा निवडलेली कंपनी डॉक्टरांना न सांगता दर महिन्याला बदलू नये.

गोळीबरोबरचे दिवस

गाठ परत येण्याचा धोका जास्त असेल, तर शस्त्रक्रियेनंतर किमान तीन वर्षे गोळी देतात. आजार पसरलेला असेल, तर ती उपयोगी पडते तोवर चालूच ठेवावी लागते. बरे वाटते म्हणून थांबवली, तर बहुतेकांत गाठी पुन्हा वाढतात. गोळी दिवसातल्या सर्वांत मोठ्या जेवणाबरोबर आणि पेलाभर पाण्यासह घ्यावी. रिकाम्या पोटी घेतली, की मळमळ ठरलेली. आई दुपारी वरण-भात जेवून झाला, की ताटावरून उठण्याआधीच ती घेते. गिळता येत नसेल, तर 400 मिलिग्रॅमची गोळी साधारण 200 मिलिलिटर पाण्यात विरघळवून लगेच पिता येते. उलटी झाली म्हणून मनाने दुसरी गोळी घेऊ नये.

सकाळी पापण्या सुजलेल्या दिसतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, अधूनमधून जुलाब होतात. हे त्रास नेहमीचे आहेत आणि बहुधा आटोक्यात राहतात. पण वजन काही दिवसांत भराभर वाढले, दम लागला, शौच काळे झाले किंवा अचानक पोटात जोरात दुखले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ग्रेपफ्रूट टाळावे, आणि पपनस त्याच कुळातले असल्याने तेही टाळलेले बरे. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन आणि फिटवरचे फेनिटॉइन यांच्यामुळे इमॅटिनिबचे रक्तातील प्रमाण घटते, म्हणून आपल्याकडे क्षयाचा उपचार सुरू करणाऱ्या डॉक्टरांना ही गोळी दाखवणे फार महत्त्वाचे आहे. काढे, चूर्णे, भस्मे यांबाबतही लपवाछपवी करू नये. मूल होण्याच्या वयातील स्त्रियांनी गर्भधारणा टाळण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावे.

पहिल्या स्कॅनबद्दल एक गोष्ट आधीच ठाऊक असावी. इमॅटिनिब लागू पडत असतानाही गाठ आकाराने सुरुवातीला तेवढीच राहते, क्वचित मोठीही दिसते. ती आतून पाणीदार होत असते. आईच्या पहिल्या अहवालात ‘आकारात किंचित वाढ’ एवढे शब्द वाचून आम्ही दोन रात्री झोपलो नाही. तज्ज्ञांनी घनता मोजून ती निम्म्याने उतरल्याचे दाखवले. अहवालात फक्त सेंटिमीटर असतील, तर घनतेची तुलना आवर्जून मागावी.

आणि हे सगळे रुग्णाला ठाऊक असले पाहिजे. ‘आईला सांगू नका, खचेल’ असे आमच्याही मामांनी सांगितले होते, आणि महिनाभर आम्ही अल्सरच म्हणत राहिलो. त्या महिन्यात तिने सहा गोळ्या चुकवल्या, कारण अल्सरची गोळी एखाद्या दिवशी राहिली तर काय बिघडते? ज्याला वर्षानुवर्षे रोज औषध घ्यायचे आहे, त्याला ते कशासाठी आहे हे कळल्याशिवाय ते नीट घेता येत नाही. आम्ही सांगितले त्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवसापासून दिनदर्शिकेवर गोळीची खूण ती स्वतः करू लागली. जिस्ट आणि रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगाच्या रुग्णांसाठी ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा आधारगट भारतात काम करतो. दहा-पंधरा वर्षे ही गोळी घेणारे माणूस समोर बसलेले पाहिले, की डॉक्टरांच्या समजावण्याने न होणारे काम होते. वेदना असतील, तर उपशामक उपचारांची मदत लवकर घ्यावी. ती शेवटच्या दिवसांपुरती नसते. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र 1997 पासून ही सेवा विनामूल्य देत आहे.

औषध लागू पडेनासे झाले तर

काही वर्षांनी गाठ नवे बदल घडवून गोळीला दाद देईनाशी होऊ शकते. तेव्हा आधी गोळ्या चुकल्या का, दुसरे कोणते औषध सुरू झाले का, हे तपासतात. मग मात्रा वाढवणे, सुनिटिनिब, त्यानंतर रेगोराफेनिब असा क्रम सर्वसाधारणपणे असतो. 2020 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले रिप्रेटिनिब हे त्यापुढचे औषध, आणि डी 842 व्ही बदलासाठी ॲव्हाप्रिटिनिब. देशात मान्यता नसलेले औषध एका रुग्णापुरते आणायचे असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नमुना 12-ए मध्ये अर्ज करून 12-बी परवाना घेण्याची तरतूद आहे. औषधांच्या चाचण्या ‘सी.टी.आर.आय.’ या सरकारी नोंदवहीत आजाराच्या नावाने शोधता येतात. नोंदणी क्रमांक नसलेल्या कोणत्याही ‘चाचणी’त, विशेषतः पैसे मागणाऱ्या, सहभागी होऊ नये.

या टप्प्यावर तज्ज्ञ बहुधा नवी बायॉप्सी सुचवतात आणि जुन्या तुकड्याशी तिची तुलना करतात. आईचा ब्लॉक आमच्या कपाटात, रेशनकार्डाच्या पाकिटाशेजारी, त्याच कडक डबीत आहे. डबीवर तिचे नाव, बायॉप्सीचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे, आणि ती कुठे आहे हे घरातल्या तिघांना माहीत आहे.